सहाचाकीचे पट्टे

जळगाव, २४ ऑक्टोबर १९९१

सुमनबाईंना मंदाबाई भंगाळेचा नमस्कार.

रजनी तुमच्या घरात येऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून आपण एकमेकींना सणावाराची पत्रं लिहितो आणि त्यांत सणावारापलीकडे काही नसतं. आज कामाचं लिहिते.

तुमच्या ट्रस्टला कॅनडाहून आलेली सहाचाकी गाडी धरणाच्या गाळात रुतून बसते, असं रजनीने कळवलं. जावईबापूंनी चित्रही काढून पाठवलं. प्लॅस्टिकची होडीसारखी बॉडी, दोन्ही बाजूंना तीन-तीन फुगीर टायर, पाण्यात तेच टायर वल्ह्यांचं काम करतात. चित्र चांगलं आहे. बँकेत नोकरी करून हात वाया घालवताहेत.

तुम्ही स्वतः मला हे कळवलं नाहीत. मुलीच्या माहेरी काही मागायचं नाही हा तुमचा नियम मी ओळखून आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण मी न मागता देते आहे, तेव्हा नियम मोडत नाही.

कोरड्या जमिनीवर टायर चालतो, पाण्यात पोहतो. गाळ मात्र ना जमीन ना पाणी. तिथे एकेक चाक आपापला खड्डा खणत बसतं. तिन्ही चाकांवरून एकच रुंद पट्टा फिरवला, की वजन पसरतं आणि गाडी गाळावरून सरकते. रणगाडा तसाच चालतो. आमच्या कारखान्यात डाळमिलचे एलिव्हेटर बनतात. त्यात पट्ट्याला डबे लावलेले असतात आणि ते डाळ वर चढवतात. पट्टा फिरवणं हाच आमचा धंदा. डब्यांच्या जागी लोखंडी आडपट्ट्या बसवल्या की काम झालं.

गाडी ट्रकने इकडे पाठवा. गिरधररावांच्या मागे हा कारखाना मी बारा वर्षं चालवते आहे. आजवर आमचा माल परत आलेला नाही.

मंदाबाई

धुळे, ४ नोव्हेंबर १९९१

श्रीमती विहीणबाईंना सुमनचा नमस्कार. दिवाळीच्या शुभेच्छा आधी घ्या.

तुमचं पत्र तुमच्या जावयाने, भटूने मोठ्याने वाचलं आणि ‘हात वाया’शी आल्यावर रजनी पदराआड हसली. तुम्ही एवढं मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर नको म्हणणार होते. पण उंबरपाडा डोळ्यांपुढे आला.

धरणाच्या फुगवट्याच्या पलीकडचा हा पाडा. पावसाळ्यानंतर पाणी भरलेलं असतं तेव्हा मी होडीने जाते. उन्हाळ्यात सगळं वाळलं की जीपने. मधले महिने पाणी उतरत जातं, मागे नुसता गाळ उरतो, तेव्हा कशानेच जाता येत नाही. मुलांच्या लसीचा पहिला डोस मी दिवाळीत देते आणि पुढचे दोन गाळात जातात. सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाल्यावर ट्रस्टचं हे धरणाकाठचं आरोग्यकेंद्र घेतलं, ते या पाड्यासाठी. दरवर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते.

गाडी आली तेव्हा वाटलं, सुटले. आता ट्रस्टची मंडळी म्हणतात, होळीनंतर पाहायला येऊ. तोवर गाडी पाड्यापर्यंत पोचत नसेल तर ती कोकणात पाठवू, तिथे उपयोग होईल. त्यांचंही चुकत नाही.

आमचा ड्रायव्हर हिलाल गाडी घेऊन येतो आहे. त्याला जेवायला बाजरीची भाकरी द्या, पोळीने त्याचं पोट भरत नाही.

तुमची सुमन

जळगाव, २ डिसेंबर १९९१

सुमनबाई,

गाडी आज ट्रकवर चढली. परवा पोचेल.

पट्टे छान बसले. आम्ही एलिव्हेटरचाच पट्टा घेतला, रबर चढवलेला, आत सुती कापडाचे थर असलेला. डब्यांच्या बोल्टची भोकं होतीच, त्यांतच आडपट्ट्या कसल्या. टायर पट्ट्यावरून घसरू नये म्हणून प्रत्येक आडपट्टीवर दोन खुंट्या उभ्या केल्या आहेत. आमच्या अभिमन मिस्त्रींनी सगळं बसवलं आणि वर हळद-कुंकू लावलं. मी लावू दिलं. यंत्राला त्याने इजा होत नाही.

चाचणी यावलला माझ्या चुलतभावाच्या केळीत घेतली. बागेला पाणी सोडलं होतं, गुडघाभर चिखल. आदल्या दिवशी तिथे त्याची बैलगाडी अडकली होती. तुमची सहाचाकी बैलगाडीच्या शेजारून गेली, बांधाला वळली आणि परत आली. भाऊ म्हणाला, “अक्का, हे मला दे, आणि बैल तू घेऊन जा.” हिलालने हसून गाडीला आणखी एक फेरी मारली. केळीची चार खोडं आडवी झाली, पण ती भावाच्या हिशेबात.

एक सूचना. पट्टा मी मुद्दाम करकचून बसवला आहे. पट्टा चालून चालून सैल होतो. जळगावात कोणत्याही डाळमिलवाल्याला विचारा, नवा पट्टा ताणूनच घालतात. हिलालला सांगा, तो सैल करायच्या भानगडीत पडू नको.

कारखान्याच्या भिंतीवर गाडीचा फोटो लावला आहे. येणारे व्यापारी डाळीचा भाव विसरून त्याच्याकडे बघतात.

मंदाबाई

धुळे, २३ डिसेंबर १९९१

श्रीमती विहीणबाईंना नमस्कार.

पट्टे फार सुंदर आहेत. गावातली माणसं बघायला येतात. सरपंच म्हणाले, “सिस्टर, तुमच्या याहीणबाईंनी रणगाडाच धाडला.” मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू. रजनीचीही मान उंच झाली.

पाणी उतरायला लागलं आहे. काठावर गाळ दिसतो. आम्ही रोज थोडं थोडं जाऊन येतो. सगळं उत्तम.

हिलाल म्हणतो, अॅक्सलची दोन बेअरिंग जवळ असलेली बरी. गरज अशी काही नाही. धुळ्यात त्या मापाची मिळाली नाहीत म्हणून लिहिलं.

रजनीने तुमच्या पद्धतीची शेवभाजी केली होती. भटूच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्याने दुसऱ्यांदा घेतली.

तुमची सुमन

जळगाव, ३० डिसेंबर १९९१

सुमनबाई,

बेअरिंग पाठवली आहेत. जवळ ठेवायची म्हणता म्हणून पाठवली, लागणार नाहीत.

तुमचं पत्र मी अभिमन मिस्त्रींना वाचून दाखवलं. ‘रणगाडा’ला ते पुन्हा वाचा म्हणाले. आमच्या शेजारच्या शेडवाल्याने गेल्या महिन्यात विचारलं होतं की, बाईमाणसाला डाळीचं यंत्र सोडून हे कसं जमणार. आज त्याला चहाला बोलावलं आणि तेवढ्या ओळी ऐकवल्या. चहा त्याने अर्धाच घेतला.

ट्रस्टची मंडळी येतील तेव्हा त्यांना जळगावचं नाव सांगा. माझं नको, जळगावचं.

मंदाबाई

धुळे, १७ जानेवारी १९९२

श्रीमती विहीणबाईंना संक्रांतीचा नमस्कार. रजनीबरोबर तिळगूळ पाठवला होता, मिळाला असेल.

इकडे सगळं छान. पट्ट्यांचं कौतुक चालूच आहे. गाडी सकाळी तर अशी हलकी चालते की बघत राहावं. दुपारनंतर थोडी जड होते, पण मीही दुपारनंतर जड होते, तेव्हा तिला काय बोलायचं.

आणखी चार बेअरिंग मिळतील का? आणि अॅक्सल बॉडीतून बाहेर येतो तिथलं रबरी सील? घाई नाही. तुमच्या सवडीने.

उंबरपाड्याची भिकुबाई दाई काठावर येऊन हाका मारते. अजून तिथवर गेलो नाही. जाऊ लवकरच.

तुमची सुमन

जळगाव, २५ जानेवारी १९९२

सुमनबाई,

रजनी संक्रांतीला चार दिवस इथे राहून गेली. गाडीचं विचारलं की स्वयंपाकघरात जायची. माझी मुलगी आपण होऊन स्वयंपाकघरात जात नाही. तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी तुमची पत्रं शेजाऱ्याला वाचून दाखवण्यात दंग होते.

आता सगळी पत्रं पुन्हा वाचली. गाडीला अॅक्सल तीन. बेअरिंग आधी दोन, मग चार. बेअरिंग म्हणजे संक्रांतीचं वाण नव्हे की सगळ्यांना वाटत सुटावं. ती फुटताहेत. सील मागता, म्हणजे आत पाणी जातं. सील आपोआप जात नाही, अॅक्सल वाकला की जातं. आणि गाडी सकाळी हलकी, दुपारी जड.

तुम्ही मला सगळं छान लिहिलंत आणि खरं काय ते बेअरिंगनी लिहिलं.

कोणत्या बाजूची फुटतात? पुढची, मधली की मागची? पाण्यात किती वेळ राहिल्यावर? हिलालला समोर बसवा आणि तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. शोभेचा एक शब्द नको.

पाणी उतरतं आहे. होळी जवळ आली. गाडी कोकणात गेली तर उंबरपाडा तुमच्या गोड पत्रांवर जगणार नाही.

मंदाबाई

धुळे, ३ फेब्रुवारी १९९२

मंदाबाई,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस बाजूला ठेवलं. मग हिलालला समोर बसवलं. त्याचं असं:

“अक्का, पट्टा आखडी गया शे. सकाळले सुका ऱ्हास तवय बरा चालस. पानीम्हा ऱ्हायना का आखडस. मंग पुढलं चाक नि मांगलं चाक येरमेरले वढतस. गाडी म्हैसनागत बसी गई.”

अशी एकमेकांना ओढून फुटतात ती पुढची आणि मागची. मधल्याला काही होत नाही. दोन्ही बाजू सारख्याच.

आता माझं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाड्याकडे निघालो होतो. अर्ध्या वाटेवर कडकड असा आवाज झाला आणि गाडी थांबली. लसीची पेटी डोक्यावर घेऊन हिलाल आणि मी गाळातून काठापर्यंत परत आलो. कमरेपर्यंत गेले होते. माझी एक चप्पल अजून तिथे आहे. बर्फ वितळला, लस टाकून द्यावी लागली. रजनीला मीच सांगितलं, आईजवळ बोलू नकोस. तिच्यावर रागावू नका.

का लपवलं, तेही लिहिते. माझ्या लग्नात वडिलांनी दिलेलं प्रत्येक भांडं माझ्या सासूने उन्हात धरून पाहिलं होतं. हे पातळ, ते पोचलेलं, याचा काठ वाकडा. वडील मांडवात हात जोडून उभे होते. त्या दिवशी ठरवलं की मला सून आली तर तिच्या माहेरून आलेल्या वस्तूला मी नाव ठेवणार नाही. मातीचं ढेकूळ आलं तरी सोनं म्हणेन. हा शब्द मी आजवर पाळला आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

तुम्ही तो मोडायला लावलात.

सुमन

जळगाव, १२ फेब्रुवारी १९९२

सुमनबाई,

तुमच्या वडिलांचं वाचून मी काही वेळ चष्मा पुसत बसले. तुमचा शब्द मोठा आहे. रजनी तुमच्या घरी आहे याचा मला त्या पत्राने जेवढा अभिमान वाटला, तेवढा लग्नात वाटला नव्हता.

पण एक नीट समजून घ्या. मी तुम्हाला मुलगी दिली आहे. पट्टे रुखवतात दिलेले नाहीत. तो कारखान्याचा माल आहे आणि मालाला दोष असतो. तो दोष मला सांगणं म्हणजे माझ्या मुलीला नाव ठेवणं नव्हे. भांडं उन्हात धरून बघणं वेगळं आणि फुटलेलं बेअरिंग दाखवणं वेगळं. पहिल्याने माणूस खाली जातो. दुसऱ्याशिवाय माल वर येत नाही.

आता दोष. तो माझा. हिलालचं वाचल्यावर पट्ट्याचा हातभर तुकडा कापून घरच्या हौदात टाकला. दुसऱ्या दिवशी तो बोटभर आखूड झाला होता. सुती कापड भिजलं की आक्रसतं. कॉलेजात फिजिक्स शिकलेल्या बाईला हे ठाऊक असायला हवं होतं, निदान नवी साडी धुतलेल्या बाईला तरी. पण डाळमिलमधला पट्टा आयुष्यात पाणी बघत नाही. आम्हा जळगावकरांना तो फक्त सैल होताना माहीत. म्हणून मी करकचून बसवला आणि तुमच्या पाण्याने तो आणखी आवळला. केळीतली चाचणी तासाभराची. तेवढ्यात तो भिजलाच नाही आणि मी फोटो लावून मोकळी झाले. तो फोटो आज उतरवला.

पुढचं. नवे पट्टे नायलॉनच्या थरांचे. तुकडा हौदात चार दिवस ठेवला आहे, तसूभर हलला नाही. पण एवढ्याने भागणार नाही. तुमच्या गाडीचे अॅक्सल बॉडीतून बाहेर येतात आणि पुढे उघडेच असतात. नुसत्या टायरला ते पुरे. पट्टा चढला की पुढच्या-मागच्या चाकाला तो आत खेचणार, आवळला नाही तरी खेचणार. म्हणून प्रत्येक अॅक्सलला बाहेरून टेकू देते आहे. जाड पोलादी नळी, एक टोक गाडीच्या चौकटीला बोल्टने पक्कं, दुसरं चाकाच्या अगदी जवळ, आणि त्या टोकात आणखी एक बेअरिंग. एका बाजूच्या तिन्ही नळ्या एका पट्टीने बांधणार. मग एक अॅक्सल वाकायला निघाला की बाकीचे दोघे त्याला धरतील.

तुमची गाडी आता ट्रकवर चढवण्यासारखी नाही. मीच येते, अभिमन मिस्त्रींना घेऊन. तुरीचा हंगाम आहे, डाळमिलवाले दारात उभे आहेत. राहू देत उभे.

मंदाबाई

धुळे, २८ मार्च १९९२

मंदाबाई,

तक्रार करण्यासाठी पत्र लिहीत आहे.

पहिली तक्रार आवाजाची. तुमच्या नव्या आडपट्ट्या कोरड्या रस्त्यावर असा खडखडाट करतात की केंद्रातून निघाले की पलीकडे पाड्यावर ऐकू जातं. गेल्या आठवड्यात आम्ही पोचेपर्यंत उंबरपाड्याची निम्मी मुलं सुईच्या भीतीने माचाखाली आणि कणगीमागे लपली होती. भिकुबाई एकेकाला तंगडीला धरून बाहेर ओढत होती. ती म्हणाली, “सिस्टर, पुढच्या खेपेला गपचूप या.” सगळ्यांना दुसरा डोस दिला, पण माझे केस विस्कटले.

दुसरी तक्रार चिखलाची. मागच्या चाकाशी पट्टा वर येताना गाळ उडवतो. ट्रस्टचे तिघे मागे बसले होते, पांढऱ्या कपड्यांत. पोचले तेव्हा तिघांत फरक ओळखू येत नव्हता. त्यातले मोठे साहेब म्हणाले, “सिस्टर, ही गाडी कोकणात कशी नेणार, ही तर इथल्याच मातीची झाली.” तसं लेखीही देतो म्हणाले. कागद काल आला. गाडी इथेच राहते. पण त्यांचे कपडे धुऊन द्यावे लागले, आणि इथलं गढूळ पाणी तुम्हाला ठाऊक आहे. चिखल अडवायला चाकामागे फडकी बसवायला हवीत.

तिसरी. उजव्या बाजूच्या टेकूच्या पट्टीचा रंग उडाला. चौथी. ग्रीस भरायचं तोंड इतकं आत आहे की हिलालला गालावर झोपावं लागतं. ज्याने ते ठरवलं त्याने स्वतः एकदा झोपून बघावं.

माझी चप्पल जिथे गेली त्या जागेवरून गाडी गेली, थांबली नाही. दुपारी परत येतानाही तितकीच हलकी होती. हिलालने बेअरिंगवर तळहात ठेवून पाहिला आणि म्हणाला, “अक्का, थंड शे.” ही तक्रार नाही, पण कुठेतरी लिहायलाच हवी होती.

आता शेवटची, आणि सगळ्यांत मोठी. तुम्ही दोन दिवस केंद्रावर होतात. गाडीखाली आडव्या होऊन पाने फिरवलेत, वंगणाने कोपरापर्यंत काळ्या झालात. मी तांब्या घेऊन उभी राहिले आणि तुम्ही जळगावहून आणलेल्या सुरईतलं पाणी प्यालात. मुलीच्या सासरचं पाणी प्यायचं नाही म्हणून. डब्यातल्या दशम्या खाल्ल्यात, त्याही शिळ्या. अभिमन मिस्त्री माझ्या हातची गरम भाकरी खात होते आणि तुमच्याकडे बघून त्यांचा घास अडत होता. केंद्र माझं घर नाही. आणि असतं तरी, मला विहिणीचा मान सोडून बोलायला लावणारी बाई स्वतः मात्र तो मान सुरईत भरून आणते, हे कोणत्या फिजिक्समध्ये बसतं?

दोष सांगितल्याशिवाय माल वर येत नाही, असं तुम्हीच लिहिलं होतं.

सुमन

जळगाव, १० एप्रिल १९९२

सुमनबाई,

तुमची तक्रार मिळाली. गेल्या दोन वर्षांत तुमच्याकडून आलेलं हे सर्वांत चांगलं पत्र. कारखान्यात सगळ्यांना बोलावून पूर्ण वाचून दाखवलं, सुरईसकट. शेजारच्या शेडवाल्यालाही बोलावलं. या वेळी त्याने चहा पूर्ण घेतला.

चिखलाची फडकी रबराची बनवली आहेत. रंगाचा डबा सोबत आहे. ग्रीसच्या तोंडाची जागा मी ठरवली होती. काल कारखान्यात जमिनीवर गाल टेकून पाहिला. हिलालचं बरोबर आहे. वाकडी नळी लावून ते बाहेर काढू.

आवाज कमी करता येतो. आडपट्टीखाली रबराचा तुकडा घातला की झालं. पण मी तो घालणार नाही. इतकी वर्षं उंबरपाडा काठावरून हाका मारत होता. आता तुम्ही निघालात की त्यांना घरबसल्या कळू दे. मुलं लपली तर भिकुबाई समर्थ आहे.

भिंतीवर गाडीचा नवा फोटो लावायचा आहे. जावईबापूंकडे कॅमेरा असेल तर गाळाने माखलेली गाडी हवी, धुतलेली नको. शेजारी तुम्ही उभ्या राहा. जुन्या फोटोचं खिळ्याचं भोक तसंच ठेवलं आहे.

आखाजीच्या सणाला रजनीला माहेरी पाठवा. तिच्यात काही दोष दिसला असेल तर तोही लिहा, मात्र त्याची दुरुस्ती तुमच्याकडेच होईल, तो माल आता परत घेता येत नाही.

आखाजी झाली की तिला पोचवायला मीच येते आणि ग्रीसच्या नळ्या बसवून जाते. उन्हाचे दिवस आहेत, तहान लागेल. सुरई इथेच ठेवून निघेन.

मंदा